मामू, तीन इंची सायलेन्सर बसवू का?

गेल्या बकरी ईदला पनवेलच्या आमच्या घरी सगळे जमले होते. जेवणे आटोपली, बायका आतल्या खोलीत गप्पांत रमल्या, आणि आमचा भाचा मोबाईल हातात घेऊन आमच्या शेजारी येऊन टेकला. पडद्यावर एका चकचकीत पाइपचे चित्र होते. "मामू, तीन इंची आहे, पूर्ण स्टीलचा. मधला कॅटचा डबा काढायचा आणि मागेपर्यंत सरळ पाइप. गॅरेजवाला म्हणतो, नुसत्या एवढ्यावर वीस-पंचवीस बीएचपी वाढतील. पंचावन्न हजार सांगतोय. बसवू का?"

आम्हाला विचारण्याचे कारण असे, की उमेदीची अकरा वर्षे आम्ही कुवेतमध्ये डिझेल गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली. तिथून परतलो तरी हाताचा वास गेला नाही, असे आमच्या घरातून अजूनही ऐकावे लागते. खानदानात कुणाची गाडी खोकली की पहिला फोन आम्हालाच येतो.

भाच्याची गाडी म्हणजे एका युरोपीय कंपनीची दोन लिटरची टर्बो डिझेल सेडान, नऊ वर्षांची, सेकंडहँड घेतलेली. कंपनीतून निघाली तेव्हा सुमारे १४० बीएचपी आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क. भाच्याने ती रिमॅप करून घेतली होती. म्हणजे इंजिनाचा जो कॉम्प्युटर किती डिझेल फवारायचे आणि टर्बोने किती हवा दाबायची हे ठरवतो, त्यातला हिशेबच बदलून घेतला होता. कागदावर आता १८० बीएचपी आणि ४०० च्या आसपास टॉर्क होता. ताकद खरोखर वाढली होती, हे आम्हीही चालवून पाहिले. पण कशेडी घाटात ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळ्या धुराचा लोट निघायचा, आणि या पोराला त्याचेच कौतुक! हल्लीच्या मुलांना काळा धूर म्हणजे ताकद वाटते. मागच्या सीटवर आमची अम्मी, म्हणजे त्याची नानी, दम्याचा पंप पर्समध्ये घेऊन बसलेली असते, हे त्याच्या ध्यानात नव्हते.

आणि ते पंचावन्न हजार कुठून येणार होते, तेही आम्हाला ठाऊक होते. खेडजवळच्या आपाच्या घराचे छप्पर गेले दोन पावसाळे गळत होते. त्यासाठी बाजूला ठेवलेले ते पैसे.

आम्ही लगेच नाही म्हटले नाही. तरण्या मुलाला नुसते नाही म्हटले की तो दुसरीकडे जाऊन तेच करून येतो. म्हटले, "बेटा, आधी पाइप कुठे अडतोय ते मोजू. मग ठरवू."

टर्बो डिझेलच्या सायलेन्सरचा विचार साध्या पेट्रोल गाडीसारखा करता येत नाही. पेट्रोलच्या साध्या इंजिनाबद्दल जुने मेकॅनिक सांगतात, की मागे थोडा दाब राहिला पाहिजे, नाहीतर गाडी मरगळते. खरे तर तिथे दाब नको असतो, वेग हवा असतो. पाइप फार मोठा केला की धुराचा वेग मंदावतो आणि एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याला ओढून काढत नाही. टर्बो गाडीत मात्र इंजिन आणि मागचा पाइप यांच्यामध्ये टर्बोचे चाक आहे. ते चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकते, आणि त्याला फिरवतो तो चाकाच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक. चाकाच्या पुढे, पाइपाच्या बाजूला, दाब जितका कमी तितके टर्बोला काम सोपे. तेव्हा टर्बोच्या मागे रस्ता मोकळा हवा, हे त्या गॅरेजवाल्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. चूक होती ती रस्ता नेमका कुठे अडला आहे ते न पाहता सगळाच उखडायला निघण्यात.

किती धूर जातो याचा ढोबळ अंदाज वाचकांना यावा म्हणून सांगतो. दोन लिटरचे इंजिन ४००० आरपीएमला टर्बोशिवाय मिनिटाला साधारण ४००० लिटर हवा ओढते. टर्बो ती दुपटीवर नेतो. त्यात डिझेल जळून ती हवा तापते, आणि टर्बोतून बाहेर पडताना फुगून मिनिटाला वीस हजार लिटरच्या घरात जाते. गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी मिनिटात वीस वेळा रिकामी व्हावी, तसे ते. एवढा धूर अरुंद पाइपातून काढायचा तर दाब तुंबणारच. रिमॅप केलेल्या गाडीला मोठा पाइप लागू शकतो तो यामुळे. पण "लागू शकतो" आणि "लागतो" यांत फरक आहे.

कळंबोलीला आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. ट्रकच्या इंजिनांवर केस पांढरे झालेले. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी कॅटच्या आधीचा एक सेन्सर तात्पुरता काढून त्या जागी नळी लावली आणि दाबाचा गेज आत सीटपर्यंत आणला. कॅटच्या पलीकडे एक बारीक भोक पाडून दुसरी नळी लावली, ते भोक नंतर वेल्ड करून बंद केले. मग रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दोन्ही आकडे पाहिले. उभ्या गाडीत हे मोजून काही कळत नाही, इंजिनावर भार हवा. कॅटच्या आधी ६ पीएसआय. कॅटच्या नंतर दीड. म्हणजे मागचा सगळा पाइप आणि दोन्ही डबे मिळून दीडच पीएसआय अडवत होते, आणि एकटा कॅट साडेचार!

भाच्याचे डोळे चमकले. "बघा मामू, कॅटच काढायला पाहिजे."

उस्ताद हसले. म्हणाले, "भाई, नाक चोंदले म्हणून नाक कापतो का कुणी? चोंदले कशाने ते बघ."

आणि त्यांनी बॉनेट उघडून हात घातला तो इंटरकूलरच्या रबरी पाइपात. टर्बोने दाबलेली गरम हवा इंटरकूलरमध्ये गार होऊन इंजिनात जाते, त्या वाटेवरचा हा होज. खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही असा, तो चार बोटे चिरला होता. कंपनीच्या दाबावर त्याने कशीतरी नऊ वर्षे काढली, रिमॅपनंतर वाढलेल्या दाबाला तो टिकला नाही. टर्बो हवा दाबत होता आणि ती वाटेतच निसटत होती. इंजिनाला डिझेल मात्र नव्या हिशेबाने भरपूर मिळत होते. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणजे अर्धवट जळलेली काजळी. तो काळा धूर म्हणजे ताकद नव्हती. पंपावर पैसे देऊन घेतलेले, न जळता बाहेर फेकलेले डिझेल होते ते. तीच काजळी कॅटच्या जाळीवर बसून वाट अडवत होती.

होज आणि क्लिपा मिळून साडेचार हजारांत काम झाले. मग ज्याने रिमॅप केला होता त्याच्याकडे आम्ही भाच्यासोबत गेलो. कुठे आणि कोण ते इथे सांगत नाही. त्याने सुरुवातीला आढेवेढे घेतले, पण मिळणाऱ्या हवेच्या मानाने डिझेलची मर्यादा खाली आणायला अखेर तयार झाला. आकडा १८० वरून १७० च्या जवळ आला. भाचा दोन दिवस रुसला होता. त्यानंतर पुण्यापर्यंत एक्स्प्रेसवेने भार देत गाडी पळवून आणली, म्हणजे कॅट चांगला तापला आणि बसलेली बरीच काजळी जळून गेली. पुन्हा गेज लावला तर सहाचे तीन झाले होते. आणि गाडी? १८० कागदावर असताना जेवढी पळत नव्हती त्याहून मोकळी पळत होती.

पीयूसीबद्दल एक सांगायला हवे. बीएस-४ डिझेल गाडीसाठी धुराची मर्यादा १.६२ आहे, पीयूसीवाले तिला ५० एचएसयूही म्हणतात. भाच्याची गाडी धूर ओकत असतानाही १.५ वर पास झाली होती. कारण ती तपासणी न्यूट्रलमध्ये रेस करून होते, आणि टर्बोवर खरा भार येतो तो चढावर. पीयूसीचा कागद हातात आहे म्हणून घाटात धूर नाही असे नाही. घाटात मागे दुसऱ्या गाडीत कुणाला तरी बसवून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. हे आम्हाला वर्कशॉपच्या वर्षांत कुणी सांगितले नव्हते. बंद शेडमध्ये रेस करत बसायचो आम्ही.

इतके झाल्यावर सायलेन्सर बदलायची गरजच नव्हती, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही वाटले. पण गाडी रॅम्पवर असताना मागचा डबा ठोकून पाहिला तर हातोडी आतच गेली. खेडचा पाऊस, हर्णैचा खारा वारा आणि नऊ वर्षे. डबा गंजून कागद झाला होता, बदलणे भाग होते. मग कंपनीचा तसाच डबा घ्यायचा, की कॅट जागेवर ठेवून त्याच्या मागचा पाइप नीट बनवून घ्यायचा, हा प्रश्न उरला. कंपनीच्या मागच्या पूर्ण सेटची किंमत ऐकून दुसरा मार्ग धरला.

पाइपाचा व्यास हा पहिला मुद्दा, आणि बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. दोन इंची पाइपात धूर जायला सव्वातीन चौरस इंचांहून थोडी कमी जागा मिळते, अडीच इंचीत जवळजवळ पाच आणि तीन इंचीत सात. म्हणजे अर्धा इंच वाढवला की जागा दीडपटीहून जास्त होते, एक इंच वाढवला की सव्वादोन पट. १७०-१८० बीएचपीच्या दोन लिटर डिझेलला अडीच इंच पुरून उरतात. तीन इंच शोभतात ते अडीचशेच्या पुढे, मोठा टर्बो लावलेल्या गाडीला. आपल्याकडे घराघरात असलेल्या स्विफ्ट-डिझायरचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन मुळात ७५ अश्वशक्तीचे, रिमॅप केले तरी शंभरीच्या आसपास. त्याला दोन, फार तर सव्वादोन इंच खूप झाले, आणि मूळ पाइप शाबूत असेल तर तोही चालतो. वर तीन इंची पाइप गाडीच्या खाली मावत नाही तो भाग वेगळाच. तो लोंबतो, आणि आपल्या गावातले गतिरोधक तर ठाऊकच आहेत.

व्यासाइतकेच वळण महत्त्वाचे. स्वस्त दुकानात पाइप मशीनमध्ये दाबून वाकवतात, मग वळणावर तो चपटा होतो. बाहेरून अडीच इंची, वळणात दोनही नाही! सगळा धूर त्या चपट्या जागेतूनच जायचा, मग बाकीच्या मोठ्या पाइपाचा उपयोग काय? आत गोळा धरून वाकवलेला, वळणावरही गोल राहणारा पाइप मागावा. त्याला दुकानात मँड्रेल बेंड म्हणतात. बोटाने चाचपूनच कळते.

धातूचे म्हणाल तर साधे लोखंड कोकणात दोन-तीन पावसाळ्यांचे धनी. स्टेनलेसमध्ये ४०९ आणि ३०४ हे दोन प्रकार मिळतात. ४०९ ला चुंबक चिकटते, वरवर तांबूस गंज चढतो पण आतून टिकते, किंमत कमी. ३०४ ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, खाऱ्या हवेत ते अधिक टिकते. दुकानात जाताना खिशात छोटे चुंबक ठेवावे. मात्र ३०४ तापल्यावर जास्त लांबते. अडीच मीटरचा पाइप तीनशे अंशांनी तापला तर सव्वा सेंटिमीटर वाढतो. एवढी वाढ सामावायला हँगरची रबरे सैल आणि पुढचा जाळीदार फ्लेक्स शाबूत हवा. पाइप चारी बाजूंनी घट्ट वेल्ड करून आवळला की सहा महिन्यांत कुठेतरी तडा जातो, आणि बहुधा तो टर्बोजवळ जातो. तडा म्हणजे नुसता आवाज नव्हे. केबिनखालून गळणारा धूर एसीच्या हवेतून आत येतो, आणि मागे झोपलेल्या मुलांना कळतही नाही.

आवाजाच्या बाबतीत आमची चूक झाली, ती लपवत नाही. टर्बो स्वतःच आवाज बराच गिळतो, म्हणून डिझेलला मागे एक सरळ आरपार डबा पुरेल, मधला डबा नको, असे आम्हीच उस्तादांना सांगितले. आरपार डब्यात भोकांचा पाइप आणि भोवती लोकरीसारखे भरण असते. धूर अडत नाही, आवाज भरणात जिरतो. शहरात सगळे छान वाटले. मग गावी निघालो. माणगावच्या पुढे मोकळा रस्ता लागला, सहावा गिअर, १८०० आरपीएम, आणि केबिनमध्ये एकसारखी घुमी घरघर सुरू झाली. चार सिलिंडरच्या इंजिनात १८०० आरपीएमला सेकंदाला ६० स्फोट होतात. हा इतका खालचा सूर लोकरीच्या भरणात जिरत नाही, तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. अम्मीने पदर कानावर घेतला. भाच्याची बायको म्हणाली, "मामूजान, आपण गाडीत आहोत की पिठाच्या गिरणीत?" महाडला चहाला थांबलो तेव्हा कुणी आमच्याकडे बघेना. परत आल्यावर मधला रेझोनेटरचा डबा बसवून घेतला. घरघर जवळजवळ गेली. आधीच बसवला असता तर तीन हजार आणि महाडपर्यंतचा अबोला वाचला असता. मोठ्या पाइपाने डिझेलचा आवाज गोड होत नाही, हेही या निमित्ताने सांगून टाकतो. पेट्रोलच्या स्पोर्ट्स गाडीचा सूर त्यातून निघणार नाही, फार तर ट्रॅक्टर जवळ येईल. पहाटे फजरला गाडी काढायची तर गल्लीतल्या आजारी माणसाचा, तान्ह्या बाळाचा विचार आधी करायला हवा.

मागचे तोंड बंपरच्या खाली आत लपवू नये. धूर मागच्या काचेतून आत ओढला जातो. ते दोन बोटे बाहेर काढावे. भाच्याला दोन तोंडांची टिप हवी होती, ती आम्ही बसवू दिली. तेवढा हट्ट चालतो.

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या असलेल्यांसाठी वेगळे सांगावे लागेल. त्यांत कॅटच्या सोबत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो काजळी साठवतो आणि अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापून ती जाळतो. रोज दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे जाळणे पुरे होत नाही, दिवा लागतो, आणि मग कुणीतरी सुचवतो, की फिल्टर आतून पोखरून टाकू, कॉम्प्युटरमध्ये बंद करू. ते करू नये. हायवेला अर्धा-पाऊण तास एकसारखी गाडी चालवली की बहुतेक वेळा दिवा विझतो. नाहीच विझला तर फिल्टर काढून स्वच्छ करून घेता येतो. अशा गाडीचा रिमॅप तर फारच जपून करावा. वाढलेली प्रत्येक चिमूट काजळी त्याच फिल्टरमध्ये जाऊन बसते.

कायदा या हौसेला फार जागा देत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ घडणीत परस्पर बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच बजावले. आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडून गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९० प्रमाणे दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि वर लायसन्स तीन महिने बाद होऊ शकते. फटफट आवाजाच्या बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेतच. रिमॅप हाही कायद्याच्या आणि विमा कंपनीच्या नजरेत बदलच. अपघातानंतर सर्व्हेयरने कॅट गायब पाहिला तर तो काय लिहील, हे भाच्याला विचारले तेव्हा तो गप्प बसला. म्हणून आम्ही कॅट, सेन्सर आणि पाइपाची वाट मूळचीच ठेवली, आवाज कंपनीच्या गाडीइतका खाली आणला आणि प्रत्येक वेल्डिंगची पावती फाइलला लावली. एवढ्याने सगळे कायदेशीर झाले असे आम्ही म्हणणार नाही. गंजलेला डबा बदलला, एवढे मात्र प्रामाणिकपणे सांगता येते.

होज, पाइप, दोन डबे आणि मजुरी मिळून खर्च चौतीस हजारांवर थांबला. नव्या पीयूसीवर धुराचा आकडा ०.६ आला. वीस-पंचवीस बीएचपी मिळाले का? पाइपामुळे मिळाले असतील तर तीन-चार, तेही सीटवर बसून जाणवणारे नाहीत. जे जाणवते ते होजचे आणि सुधारलेल्या रिमॅपचे. उरलेल्या एकवीस हजारांत आपाच्या छपराचे निम्मे पत्रे आले, बाकीच्या निम्म्यांसाठी भाऊबंदांनी हात लावला.

पाचशे किलोमीटर झाले की क्लॅम्प पुन्हा आवळायचे असतात. तापून गार होताना ते सैल पडतात. येत्या जुम्म्याच्या सुट्टीत भाचा गाडी घेऊन येणार आहे, आणि अम्मीने फोनवर सांगून ठेवले आहे, की काम होईपर्यंत ती गॅलरीत बसून पाहणार.